ल्यों : विणकरांच्या टेकडीवरून सुरुवात करा

महाराष्ट्रातून युरोपला निघालेली बहुतेक कुटुंबं पॅरिस पाहतात आणि स्वित्झर्लंडच्या वाटेला लागतात. या दोहोंच्या मधे ल्यों हे मोठं शहर आहे. पॅरिसहून टीजीव्ही ही वेगवान गाडी दोन तासांत तिथे पोचवते आणि तिथून जिनिव्हाही रेल्वेने साधारण दोन तासांवर. तरी सहल कंपन्यांच्या पत्रकांत ल्योंचं नाव क्वचितच दिसतं. समोर उभं राहून फोटो काढला की शहर पाहून झालं, अशी आयफेल टॉवरसारखी एकच एक वास्तू इथे नाही. इथे ऱ्होन आणि सोन या दोन नद्या आहेत, त्यांच्यामधली संगमाकडे निमुळती होत गेलेली जमीन आहे आणि दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडची फूर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि उत्तरेकडची क्रोआ-रूस ही काम करणारी टेकडी, असं इथले लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत.

प्रवासमार्गदर्शक पुस्तकं पाहुण्यांना सकाळी सकाळी फूर्व्हिएरच्या चर्चकडे पाठवतात. हातात एकच दिवस असेल आणि बरोबर आजी-आजोबा नि मुलं असतील, तर दिवस उलट्या बाजूने सुरू करावा असं माझं ठाम मत आहे. आधी कामाची टेकडी बघा. ल्योंमधली घरं, गल्ल्या, बाहुल्या, जेवण आणि सिनेमासुद्धा राबणाऱ्या माणसांकडून आलेला आहे, आणि ती माणसं एकदा भेटली की बाकीचं शहर आपोआप कळायला लागतं. शिवाय टेकडीवर मेट्रोने चढायचं आणि पायी उतरायचं, म्हणजे गुडघ्यांनाही बरं.

ही मेट्रोसुद्धा मुलांना दाखवण्यासारखी आहे. ‘सी’ मार्गिका क्रोआ-रूसचा चढ दातेरी रुळाच्या आधाराने चढते, कारण काही ठिकाणी चढ शंभर मीटरला सतरा मीटर इतका तीव्र आहे आणि तिथे साध्या रुळावर चाकं घसरतील. वरच्या स्थानकातून बाहेर पडलं की चौकात झोझेफ-मारी जाकार यांचा पुतळा दिसतो. आपल्याकडे ज्याला जेकार्ड म्हणतात, त्या यंत्राला या माणसाचं नाव आहे.

जाकार यांचा जन्म 1752 मध्ये ल्योंमध्येच, विणकराच्या घरी झाला. शहरात रेशमाचा धंदा त्याआधी दोनशे वर्षं रुजलेला होता. फ्रान्समधला पैसा इटलीच्या रेशमावर खर्च होतो हे पाहून राजा पहिला फ्रान्स्वा याने 1536 मध्ये ल्योंमध्ये रेशीम विणायला परवानगी आणि सवलती दिल्या. राजवाड्यांचे पडदे, चर्चमधली वस्त्रं, श्रीमंतांचे अंगरखे इथल्या मागांवर तयार होऊ लागले. अडचण होती ती नक्षीची. नक्षी विणायची तर प्रत्येक आडवा धागा टाकताना कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे नेमकं ठरवावं लागतं. ते धागे उचलायला मागाशेजारी एक मदतनीस दिवसभर दोऱ्या ओढत बसे. हा मदतनीस बऱ्याचदा लहान मूल असे. वेड्यावाकड्या अवस्थेत तासन्‌तास बसून मुलांची शरीरं वाढायच्या वयात मोडून जात.

जाकार यांनी 1804 च्या सुमारास जे यंत्र उभं केलं, त्यात या मुलाची जागा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी घेतली. हे पत्ते दोऱ्याने एकमेकांना शिवून त्यांची लांब माळ करतात. एक पत्ता म्हणजे नक्षीची एक आडवी ओळ. पत्ता सुयांच्या रांगेसमोर आला की जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाते, तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि त्याच्याबरोबर उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते, आकडा बाजूला सरतो आणि धागा खालीच राहतो. मग धोटा फिरतो, पुढचा पत्ता येतो. उचलायचं की नाही, एवढे दोनच पर्याय, पण त्यांतून फुलं, पक्षी, माणसांचे चेहरेसुद्धा विणता येतात. जाकार यांची स्वतःची तसबीर पुढे 1839 मध्ये अशी रेशमात विणली गेली. तिला सुमारे 24,000 पत्ते लागले होते. तिची एक प्रत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी मिळवली. आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्यांनी हीच पत्त्यांची पद्धत घ्यायची ठरवली होती. संगणकाच्या इतिहासाचं एक मूळ या टेकडीवर सापडतं ते असं. संगणकात गुंतलेल्या मुलांना हे इथे, माग चालू असताना समजावून सांगता येतं. वर्गात फळ्यासमोर इतकं सहज जमत नाही.

चौकापासून थोड्या अंतरावर ‘मेझों दे कानू’ आहे. कानू म्हणजे ल्योंचा रेशीम विणकर. तिथे जाकार पद्धतीचा हातमाग प्रत्यक्ष चालवून दाखवतात. आमच्या सासूबाईंचं माहेर येवल्याचं. फ्रेंचमधलं निवेदन सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मागाकडे बोट दाखवून नातीला त्याचे भाग सांगायला घेतले होते. येवल्यात ब्रोकेड काठाच्या पैठणीसाठी जेकार्ड वापरतात, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरही जेकार्ड आहे. त्यामुळे मराठी घरातल्या माणसाला या दालनात परकं वाटायचं कारण नाही. अस्सल पैठणीचा पदर मात्र अजून विणकराच्या बोटांनीच, तिल्ल्यांवर रंगीत रेशीम गुंडाळून भरला जातो, हेही मुलांना सांगायला हवं, म्हणजे यंत्राने काय घेतलं आणि काय घेता आलं नाही हे दोन्ही कळतं.

बाहेर आलात की घरांकडे मान वर करून बघा. जाकारचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, त्यामुळे माग उंच झाला आणि ल्योंच्या जुन्या घरांत तो मावेना. म्हणून एकोणिसाव्या शतकात या टेकडीवर मुद्दाम नवी घरं बांधली गेली. चार मीटरच्या आसपास उंचीचं छत, यंत्राचा हादरा सोसणाऱ्या जाड लाकडी तुळया, रेशमाचे रंग ओळखता यावेत म्हणून उंचच उंच खिडक्या. एका खोलीत माग, चूल आणि संसार. झोपायला पोटमाळा. घर यंत्रासाठी बांधलेलं आणि माणसं उरलेल्या जागेत राहिलेली.

या घरांत राहणाऱ्यांनी 1831 मध्ये जे केलं ते युरोपच्या कामगार चळवळीच्या इतिहासात पहिल्या पानांवर आहे. माग विणकराच्या मालकीचा असे, पण रेशीम आणि नक्षी व्यापारी देई आणि विणलेल्या मालाचा भावही तोच ठरवी. भाव घसरत गेले तेव्हा विणकरांनी किमान दराची मागणी केली. ऑक्टोबरमध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने दर ठरलेसुद्धा. पण काही व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला. 21 नोव्हेंबरला विणकर टेकडी उतरून शहरात आले. काम करून जगू नाहीतर लढून मरू, अशा अर्थाचं वाक्य लिहिलेला काळा झेंडा त्यांच्यापुढे होता. चकमकी झाल्या, माणसं मेली, आणि काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात राहिलं. त्यानंतर पॅरिसहून फौज आली आणि ठरलेले दर रद्द झाले. 1834 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उठले. या वेळी तोफा चालल्या आणि शेकडो बळी गेले. या माणसांनी मागितलं होतं ते फक्त विणलेल्या गजाचा ठरलेला मोबदला. रेशमाच्या वैभवाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणेकडे उतरायच्या आधी मुलांसाठी एक गोष्ट आहे. ‘म्युर दे कानू’ ही सुमारे 1,200 चौरस मीटरची रंगवलेली भिंत. कोऱ्या भिंतीवर असा जिना, घरं आणि दुकानं रंगवली आहेत की थेट चालत आत जावंसं वाटतं. पहिल्यांदा ती 1987 मध्ये रंगवली, मग 1997 आणि 2013 मध्ये पुन्हा, आणि दर वेळी चित्रातल्या रहिवाशांचं वय वाढवलं.

उतारावर ‘त्राबूल’ भेटायला लागतात. त्राबूल म्हणजे इमारतीच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणारी वाट. दार ढकलून आत जायचं, अंधारी बोळ, मग वरून उजेड पडणारं अंगण, पुन्हा बोळ आणि बाहेर दुसरीच गल्ली. क्रोआ-रूसच्या उतारावर विणकर याच वाटांनी रेशमाच्या गाठी पावसापासून वाचवत व्यापाऱ्यांपर्यंत नेत. इथलं ‘कूर दे व्होरास’ हे अंगण चुकवू नका. सहा मजली उघडा दगडी जिना त्यात सरळ वर चढत जातो. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखाली, भूमिगत लढणाऱ्यांना या वाटांचा मोठा आधार होता. ल्यों हे फ्रेंच प्रतिकाराचं केंद्र होतं. त्या चळवळीला एकत्र बांधणारे झाँ मुलँ शेजारच्या काल्युइरमध्ये 21 जून 1943 रोजी पकडले गेले. त्यांचा छळ करणारा गेस्टापो अधिकारी क्लाउस बार्बी याच्यावर पुढे 1987 मध्ये याच शहरात खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली.

त्राबूलबद्दल एक कळकळीची विनंती. ती लोकांची राहती घरं आहेत. काही त्राबूल दिवसा पाहुण्यांसाठी उघडे ठेवायचे आणि बदल्यात पालिकेने देखभालीचा भार उचलायचा, असा रहिवाशांशी करार आहे. आत गेल्यावर हाका मारू नका, जिन्यावर चढू नका, कुणाच्या खिडकीचे फोटो काढू नका. मोठ्या घोळक्याने गेलेल्या आपल्या लोकांना हे विशेष सांगावं लागतं.

टेकडीच्या पायथ्याशी तेरो चौकात कारंजं आहे. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणाऱ्या बार्तोल्दी यांचं हे काम. मुलांना त्याचे घोडे आवडतात. तिथून सोन नदी ओलांडली की जुनं ल्यों लागतं.

हा भाग पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी बांधलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इतका मोडकळीला आला होता की त्यातून मोटारींसाठी रस्ता काढायचा बेत होता. रहिवासी आणि जुन्या वास्तूंचे अभ्यासक आडवे आले. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने 1962 मध्ये जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला होता. त्याखाली 1964 मध्ये संरक्षित झालेली फ्रान्समधली पहिली वस्ती म्हणजे हे जुनं ल्यों. 1998 मध्ये युनेस्कोने शहराचा ऐतिहासिक भाग जागतिक वारसा यादीत घेतला. जुन्या ल्योंमधला सर्वांत लांब त्राबूल र्‍यू साँ-जाँवरच्या 54 क्रमांकाच्या दारातून सुरू होतो आणि समांतर असलेल्या र्‍यू द्यु बफवर 27 क्रमांकाला बाहेर पडतो. मुलांना पुढे करा आणि त्यांच्यामागून चाला.

जेवणाची वेळ मात्र पाळावी लागते. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोनच्या दरम्यान. त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाहीत. मुलं भुकेली असताना हे कळणं वाईट. ल्योंच्या खानावळींना ‘बुशों’ म्हणतात. कामकऱ्यांना पोटभर घालणारी ही घरं, त्यामुळे पदार्थ जड आणि जनावराचा कोणताही भाग वाया न घालवणारे. शाकाहारी मंडळींनी धीर सोडू नये. ‘सेर्व्हेल द कानू’ या नावात मेंदू हा शब्द असला तरी त्यात मांस नसतं. चक्क्यात लसूण, कांद्यासारखी पात, थोडा सिरका आणि ऑलिव्ह तेल कालवावं तसा हा पदार्थ पावाबरोबर खातात. साय आणि लसूण घालून भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप मिळतात. गोडात लाल साखरेत घोळलेल्या बदामांची गुलाबी टार्ट. ‘सालाद ल्योनेझ’ मात्र नावाने कोशिंबीर असली तरी तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं असतं.

ल्यों खाद्यपदार्थांसाठी जगात गाजलं ते इथल्या बायकांमुळे. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या खानावळी काढल्या आणि लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणू लागले. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांनी 1933 मध्ये आपल्या दोन्ही खानावळींसाठी मिशलँचे तीन-तीन तारे मिळवले. पुढे जगप्रसिद्ध झालेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच हाताखाली शिकले.

जेवणानंतर मुलांना गिन्योल दाखवा. लोराँ मुर्गे हा रेशीम कामगार क्रांतीनंतरच्या मंदीत बेकार झाला आणि जत्रांमध्ये दात उपटण्याचं काम करू लागला. गिऱ्हाईक जमावं म्हणून तो हातबाहुल्यांचे खेळ करी. बाहुल्यांनी दातांपेक्षा जास्त गर्दी खेचली आणि 1808 च्या सुमारास गिन्योल जन्मला. विणकराच्या वेशातला, धनदांडग्यांची खोड मोडणारा आणि शिपायाला दांडक्याने बडवणारा. त्याची बायको मादलों आणि दारूडा चांभारमित्र न्याफ्रों. फ्रेंच येत नसलं तरी मुलं दांडक्याला हसतातच. जुन्या ल्योंमधल्या गादान्य संग्रहालयात जुन्या बाहुल्या आहेत. ल्योंची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून बेत आखताना सोमवार टाळा.

आता फूर्व्हिएर. साँ-जाँच्या चर्चजवळून दोरीने ओढली जाणारी रेल्वे वर जाते. ल्योंचे लोक तिला ‘फिसेल’, म्हणजे सुतळी, म्हणतात. शहरात अशी पहिली गाडी 1862 मध्ये क्रोआ-रूसच्या चढावर धावली होती. वरून दिसणारं शहर दुपारनंतर बघावं, कारण टेकडी पश्चिमेला आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि दुपारी पाठीशी असतं. लाल कौलं, दोन नद्या आणि हवा स्वच्छ असेल तर दूर माँ ब्लाँ. 1870 च्या युद्धात शत्रूसैन्य शहरापर्यंत आलं नाही म्हणून नवस फेडायला बांधलेलं चर्च सोन्याच्या मोझेकने लखलखतं. मला ते भारून टाकत नाही. थोडं खाली गेलं की रोमन नाट्यगृह लागतं आणि तिथे मात्र मी हवा तितका वेळ बसेन.

रोमन लोकांनी इसवी सनपूर्व 43 मध्ये इथे लुग्दुनुम वसवलं आणि ते गॉल प्रांताचं मुख्य शहर बनलं. नाट्यगृहात दहा हजारांच्या आसपास लोक बसत. आजही उन्हाळ्यात तिथे प्रयोग होतात आणि एरवी मुलांना पायऱ्यांवर पळायला तिकीट लागत नाही. शेजारचं संग्रहालय टेकडीच्या पोटात खोदून बसवलं आहे. तिथला एक काशाचा पत्रा मुद्दाम शोधा. सम्राट क्लॉडियसचा जन्म या शहरातला. इसवी सन 48 मध्ये त्याने रोमच्या सेनेटमध्ये गॉलच्या प्रमुखांनाही सभासद होऊ द्यावं म्हणून भाषण केलं. ते ल्योंच्या लोकांनी काशावर कोरून घेतलं. 1528 मध्ये क्रोआ-रूसच्या उतारावरच्या द्राक्षमळ्यात हा पत्रा एका कापड व्यापाऱ्याला सापडला.

उतरल्यावर जुन्या ल्योंमधूनच ‘डी’ मार्गिकेची मेट्रो घ्या. गाडी न बदलता ती मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानकावर नेते. इथे आंत्वान ल्युमिएर यांचा छायाचित्रांच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. त्यांच्या मुलांनी, ओग्युस्त आणि लुई यांनी, चित्रीकरण, प्रती काढणं आणि पडद्यावर दाखवणं ही तिन्ही कामं करणारी एकच पेटी बनवली. फिल्म थांबत थांबत पुढे सरकावी यासाठीची युक्ती लुई यांना शिवणयंत्रावरून सुचली. 19 मार्च 1895 रोजी त्यांनी या पेटीने आपल्याच कारखान्याचं फाटक टिपलं. सुट्टी होते, दार उघडतं, कामगार बाहेर पडतात. त्यात बायका जास्त. एक कुत्रा मधे येतो. पन्नास सेकंदांत संपतं. ज्या रस्त्यावर हे घडलं, त्याचं नाव आता ‘र्‍यू द्यु प्रमिए-फिल्म’, पहिल्या चित्रपटाचा रस्ता. चित्रपटात दिसणाऱ्या छपराचा भाग जपून तिथे चित्रपटगृह केलं आहे आणि ल्युमिएर कुटुंबाच्या हवेलीत संग्रहालय.

ल्युमिएर यांचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत थांबले आणि 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात त्यांनी भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ केला. तिकीट एक रुपया. दाखवलेल्या सहा फितींमध्ये ल्योंच्या कारखान्यातून बाहेर पडणारे हे कामगारही होते. हे खेळ पाहून छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेलं हे पहिल्या काही चित्रीकरणांपैकी एक. मोंप्लेझीरच्या संग्रहालयात मुलांना हे नाव सांगायला विसरू नका.